धूप शेतात, गाळ नदीत : मधल्या हिशेबाची पार्श्वभूमी

नदीचे पाणी गढूळ दिसले की वरच्या शेतांतली माती वाहून चालली आणि ते निवळले की धूप आटोक्यात आली, असा अर्थ लावण्याची सवय जुनी आहे. जमिनीचा वापर बदलला की धूप बदलते, पाऊस बदलला तरी बदलते, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो शेताचा बांध आणि नदीचे मुख यांच्या मधल्या पट्ट्याबद्दल.

जुन्या काळाविषयीचे भांडण ‘माणूस की हवामान’ असे होते. भूमध्य समुद्राभोवतीच्या खोऱ्यांत ऐतिहासिक काळात साचलेला गाळ सगळीकडे साधारण एकाच वयाचा आहे, म्हणजे तो हवामानामुळेच आला, असे १९६९ मध्ये मांडले गेले. पुढे एकेक खोरे तपासायला घेतले तेव्हा तारखा जुळेनात. कुठे थर बराच आधीचा, कुठे बराच नंतरचा, आणि अनेक ठिकाणी वस्ती व नांगर पोचल्याच्या सुमाराचा. पारडे माणसाकडे झुकले ते बहुतांशी तिकडेच राहिले.

गाळाच्या शिस्तशीर मोजमापाला जोर आला तो खाणींमुळे. कॅलिफोर्नियात १८५३ पासून पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनी डोंगर फोडून सोने काढले जाई. खाली नद्यांची पात्रे इतकी वर आली की पुराबरोबर शेतांवर खाणींचा राबिट पसरू लागला. १८८४ मध्ये न्यायालयाने हा प्रकार बंद पाडला. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र असे दिसले की खाणी थांबल्या तरी गाळ थांबलेला नाही. तो लाटेसारखा सावकाश खाली सरकतो आहे. शेतीच्या धुपीवर काम करणाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षे याकडे फारसे लक्ष दिले नाही.

त्यांचे लक्ष उतारावर होते. त्याच १९१७ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात धूप मोजण्याचे वाफे आखले गेले, आणि १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर अशा वाफ्यांना सरकारी पाठबळ मिळाले. ७२.६ फूट लांब, ६ फूट रुंद असा पट्टा, भोवती पत्र्याची कड आणि खालच्या टोकाला टाकी. प्रत्येक पावसानंतर टाकीत आलेले पाणी मोजायचे, गाळ वाळवून तोलायचा. लांबीचा हा विचित्र आकडा गणित सोपे व्हावे म्हणून आला : एवढा वाफा म्हणजे बरोबर एकराचा शंभरावा भाग. दहा हजारांहून अधिक ‘वाफा-वर्षां’च्या (एका वाफ्याची एका वर्षाची नोंद म्हणजे एक वाफा-वर्ष) नोंदींवर उभे राहिलेले समीकरण १९६५ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने आले. पावसाचा मारा, मातीचा प्रकार, उताराची लांबी, उताराची तीव्रता, पीक आणि बंदिस्ती या सहा गोष्टींचा गुणाकार की वर्षाची धूप हातात. जगभर ते वापरले गेले, आजही वापरले जाते. ओघळी, घळी आणि नदीचे ढासळते काठ यांचा त्यात समावेश नाही, याचा विसरही जगभर पडला.

धरणे बांधणाऱ्यांना प्रश्न वेगळा होता : जलाशयात गाळ किती येणार? समीकरण उतारावरून निघालेली माती सांगते, ती पुढे कुठे जाते ते सांगत नाही. मग एक ठिगळ लावले गेले, ‘गाळ-पोहोच गुणोत्तर’. धुपलेल्या मातीपैकी जेवढी पाणलोटाच्या तोंडाशी पोचते तेवढा तिचा हिस्सा. पाणलोट लहान तर हिस्सा मोठा, पाणलोट मोठे तर हिस्सा कमी, कधी दहा टक्क्यांच्याही खाली. उरलेली नव्वद टक्के कुठे गेली, हे विचारण्याची सोयच या आकड्यात नव्हती.

ती सोय अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या कून क्रीक या छोट्या खोऱ्याने करून दिली. १८५० च्या दशकात तिथे नांगर आला आणि १९३३ मध्ये हेच खोरे मृदसंधारणाचे पहिले मोठे प्रात्यक्षिक ठरले. उताराला आडवी नांगरट म्हणजे समपातळी मशागत आली, वेगवेगळ्या पिकांचे आडवे पट्टे म्हणजे पट्टापेर आली, उतारावरची चराई आवरली गेली. नाल्याच्या कापलेल्या काठात सारा इतिहास दिसतो : खाली जुन्या कुरणाच्या जमिनीची काळी पट्टी आणि तिच्यावर, काही ठिकाणी माणसाच्या उंचीहून जाड, फिकट गाळाचे थर. शेतांतून गेलेली माती बहुतेक इथेच थांबली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस खोऱ्यात गाळ साचण्याचा वेग १९३० च्या दशकातल्या वेगाच्या सुमारे ६ टक्क्यांवर आला. तरीही खोऱ्याबाहेर मिसिसिपीला जाणारा गाळ जवळपास तेवढाच राहिला, कारण नाला आता जुना साठा उपसत होता.

आता यात ते गुणोत्तर बसवून पाहा. धूप घटली, बाहेर जाणारा गाळ तेवढाच. म्हणजे गुणोत्तर वाढले. शेतकऱ्यांनी काम चांगले केल्यावर आकडा बिघडतो! यंदाच्या गाळाला यंदाच्या धुपीने भागायचे, आणि तो गाळ आजोबांच्या काळात शेतातून निघालेला. १९८० च्या दशकापासून यावर टीका होत आली आहे, तरी प्रकल्प अहवालांतून हा आकडा हटलेला नाही.

हवामानाचा धागा यात उशिरा आला. १९५८ मध्ये अमेरिकी नोंदींवरून असे दाखवले गेले की वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास परिणामकारक (तापमानाचा परिणाम धरून काढलेला) पाऊस असलेल्या निमकोरड्या प्रदेशात गाळ सर्वाधिक असतो. पाऊस त्याहून कमी तर वाहून न्यायला पाणी अपुरे, त्याहून जास्त तर गवत-झाडे माती धरून ठेवतात. इतर खंडांत ही कमान तशीच उमटली नाही. आता चिंता आहे ती सरींच्या जोराची : हवा एक अंश सेल्सिअस तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि धूप करतात त्या मोजक्या मुसळधार सरी.

मात्र अलीकडचे सर्वांत मोठे बदल माणसाच्याच हातचे आहेत. चीनची पीत नदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहत होती. गाळ अडवणारे बंधारे, पायऱ्यांची शेती, मोठी धरणे आणि १९९९ पासून उतारावरची शेती सोडून झाडे-गवत लावण्याचा कार्यक्रम, यांमुळे तो आता पंचमांशाखाली आहे. पाऊस घटल्याचा वाटा त्यात लहान. जगाचा हिशेबही असाच उलटसुलट : शेतीने नद्यांतला गाळ वाढवला, पण धरणांनी इतका अडवला की समुद्राला पूर्वीपेक्षा कमीच मिळतो. नाईलच्या त्रिभुज प्रदेशाला आस्वानच्या उंच धरणानंतर तो जवळपास मिळेनासाच झाला.

कॅलिफोर्नियातल्या त्या खाणींचा गाळ अखेर सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात उतरला होता. १९९९ च्या सुमारास तिथले पाणी एकाएकी निवळले. तरंगता गाळ एक तृतीयांशाहून अधिक घटला. त्या वर्षी वरच्या जमिनींवर काही नवे घडले नव्हते. मधल्या काळात धरणांनी नवा गाळ अडवला होता, आणि तळाशी पडलेला खाणींचा साठा, न्यायालयाच्या निकालानंतर ११५ वर्षांनी, संपत आला होता.