क्रॉसबोची ताकद कुठे साठते?

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेलं आडवं धनुष्य. मोबाईलवर फिरणाऱ्या त्याच्या जाहिरातींत एकच आकडा मोठ्या अक्षरांत असतो: सेकंदाला ४०० फूट. कुळागरात रानडुक्कर शिरतो म्हणून सत्तरी-सांगेतलं कुणी ती जाहिरात पाहत असेल, तर आधी कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे, आणि गवा तर गोव्याचा राज्यप्राणी. ब्रिटनमधल्या गोंयकारांनाही धनुष्यबाणाने वन्यप्राणी मारायला बंदी आहे. कॅनडात ऑन्टारियोत मात्र परवाना काढून क्रॉसबोने हरणाची शिकार करता येते. खरेदीचा सल्ला तिकडच्यांसाठी. त्यामागचं भौतिकशास्त्र सगळ्यांसाठी.

क्रॉसबो स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही. दोरी ओढताना आपण केलेलं कार्य धनुष्याच्या पात्यांत, म्हणजे त्याच्या वाकणाऱ्या दोन बाहूंत, साठतं आणि चाप ओढल्यावर बोल्टला, म्हणजे त्याच्या आखूड बाणाला, मिळतं. आलेखात आडव्या अक्षावर दोरी किती मागे आली ते अंतर आणि उभ्या अक्षावर ताण मांडा. रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा. १७५ पौंड ताण म्हणजे सुमारे ७८० न्यूटन, आणि दोरीचा प्रवास १३ इंच, म्हणजे ०.३३ मीटर, असं धरू. रिकर्व्ह, म्हणजे चाकं नसलेल्या, प्रकारात ताण जवळजवळ सरळ रेषेत चढतो. त्रिकोणाचं क्षेत्रफळ येतं सुमारे १३० जूल. कंपाऊंड प्रकाराच्या टोकांना लंबगोल चाकं, म्हणजे कॅम, असतात. त्यांच्यामुळे ताण सुरुवातीलाच झपाट्याने चढतो आणि बराच वेळ वरच राहतो. आलेख त्रिकोणाऐवजी पठारासारखा फुगतो आणि त्याच १७५ पौंडांत २०० जूलपर्यंत ऊर्जा साठते. म्हणून निव्वळ पौंड पाहून दोन क्रॉसबोंची तुलना करू नये. दोरीचा प्रवास आणि प्रकारही विचारावा.

या २०० जूलपैकी पाव हिस्सा पाती, दोरी आणि कॅम हलवण्यात व घर्षणात जातो. उरलेले १५० जूल ४०० ग्रेनच्या, म्हणजे २६ ग्रॅमच्या बोल्टला मिळाले तर वेग येतो सेकंदाला सुमारे ३५० फूट. तोच बोल्ट ३०० ग्रेनचा करा, ४०० फूट झाले! क्रॉसबो तोच, ऊर्जा तीच, फक्त जाहिरात भारी. आणि बोल्ट कंपनीने सांगितलेल्या किमान वजनापेक्षा हलका असेल तर जास्तीची ऊर्जा पात्यांतच धडकते. बोल्ट न लावता चाप ओढला तर पाती तडकतात, दोरी तुटते; फार हलका बोल्ट लावणं जवळजवळ तसंच.

वेगामुळे हरीण चकत नाही, हेही समजून घ्या. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३० मीटरवरच्या हरणाला दोरी सुटल्याचा आवाज ०.०९ सेकंदात पोचतो, ३५० फुटांच्या बोल्टला ०.२८ सेकंद लागतात. ४०० फुटांचा बोल्टही आवाजाच्या मागेच. उपयोग होतो तो कमी आवाजाचा आणि जवळून मारण्याचा.

मग किती ताकद हवी? बाणाच्या शिकारीत रूढ ठोकताळा असा: हरणाला ३५ ते ५५ जूल, रानडुक्कर किंवा एल्क या मोठ्या हरणाला ५५ ते ९०. बोल्ट धक्क्याने मारत नाही. टोकावरच्या धारदार पात्याने रक्तवाहिन्या कापतो. १५० जूलचा साधा क्रॉसबो पुरून उरतो. मोठ्या जनावरासाठी जास्त पौंडांऐवजी जड बोल्ट घ्या: तेवढ्याच ऊर्जेत ६०० ग्रेनचा बोल्ट हळू जातो, पण त्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) ४०० ग्रेनच्या बोल्टपेक्षा सुमारे २० टक्के जास्त असतो, म्हणून तो खोल शिरतो.

नवशिक्याने रिकर्व्ह घ्यावा. सुटे भाग कमी, आणि दोरी घरी बदलता येते. बहुतेक कंपाऊंडना त्यासाठी प्रेस, म्हणजे पाती दाबून धरणारं यंत्र, लागतो. वाचलेल्या पैशांत क्रॉसबो ताणायची वेगळी दोरी घ्यावी. तिच्यातल्या कप्प्यांमुळे जोर निम्मा लागतो, शिवाय धनुष्याची दोरी मधोमध बसते. हाताने ओढताना ती काही मिलीमीटर सरकली तरी बोल्ट बाजूला जातो. बोल्टच्या शेपटीची खाच, म्हणजे नॉक, कंपनीने सांगितलेल्याच आकाराची हवी. चुकीची असली तर दोरी तिच्यावरून उडून बोल्टविना सुटते. अंगठा रेलच्या, म्हणजे बोल्ट ज्यावरून सरकतो त्या पट्टीच्या, वर कधीही नको. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत क्रॉसबो ठेवला तर दोरी लांबते, नेम बिघडतो. ताणलेला क्रॉसबो रिकामा करायला सरावाचा बोल्ट फोमच्या लक्ष्यात मारावा, चिऱ्याच्या भिंतीवर नाही: तिथे कार्बनच्या बोल्टच्या चिरफळ्या उडतात.