मशीन न लावता दाताची कीड काढणं: ब्लीचपासून पपईच्या चिकापर्यंत

खेड्यात दाढ ठणकली की आधी लवंग दाबायची, मग कुणी सांगितली तर रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायची आणि गाल सुजला की एसटीनं नागपूरचं नाहीतर वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे)चं दंत रुग्णालय गाठायचं. तोवर दाढ बहुधा काढण्याच्याच लायकीची उरलेली असते. उशीर होण्यामागे पैसा आहे, मजुरी बुडणं आहे, तशीच दात कोरायच्या मशीनच्या आवाजाची धास्तीही आहे.

मशीनशिवाय कीड काढायचा विचार अमेरिकेत 1970च्या दशकात सुरू झाला. रूट कॅनाल धुवायला वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, किडलेला भाग विरघळवतं हे गोल्डमन आणि क्रॉनमन या दंत-संशोधकांनी हेरलं. पण ते चांगल्या दातालाही सोडेना. म्हणून त्यात ग्लायसिन हे अमिनो आम्ल मिसळून त्याची धार कमी केली. त्यातूनच पुढे 1980च्या दशकात ‘कॅरिडेक्स’ बाजारात आलं. कल्पना चांगली, पण थाट केवढा! द्रावण गरम करायचं, पंपानं सोडायचं आणि एका दातासाठी 200 ते 500 मिली खर्ची घालायचं. लोडशेडिंगच्या गावात हे यंत्र काय कामाचं? ते अमेरिकेतही टिकलं नाही.

स्वीडनमध्ये 1998 साली आलेल्या ‘कॅरिसॉल्व्ह’नं पंप हद्दपार केला. दोन भाग मिसळून जेल करायची, किडीवर लावून अर्धा मिनिट थांबायचं आणि मऊ झालेला भाग बोथट हत्यारानं खरवडायचा. भाव मात्र परदेशीच.

खरी स्वस्त वाट 2003 साली ब्राझीलनं काढली. तिथल्या ‘पॅपाकेरी’ या जेलमध्ये कच्च्या पपईच्या चिकातलं पपेन असतं. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो, त्यामागे हेच पपेन. ते किडीनं सडलेल्या प्रथिनांचे धागे तोडतं, निरोगी भागाला फारसं छेडत नाही. कीड निघत असेतो जेल गढूळ होते. गढूळ व्हायची थांबली की पुरे. पुढे भारतातही पपईच्या अर्काची ‘केरी-केअर’ निघाली. शाळेच्या व्हरांड्यातल्या तपासणी शिबिरात, विजेविना, बहुतेकदा इंजेक्शनविना चालणारं काम म्हणून मला हिचंच अप्रूप वाटतं.

तरी ही जेल इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक कवच, विरघळवत नाही. वरचं भोक लहान असेल तर मशीन लागतंच. वेळही जास्त जातो. आणि कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल, तर पपई काय करणार?