'समजलं का?' या प्रश्नाला पडद्यावर उत्तर का येत नाही

ऑनलाइन तासात शिक्षकाने 'समजलं का?' असे विचारले की बहुधा काही क्षण शांतता पसरते, मग चॅटमध्ये एखाद-दोन 'हो सर' उमटतात आणि तास पुढे सरकतो. प्रत्यक्ष वर्गातही या प्रश्नाला खरे उत्तर क्वचितच मिळते. परंतु तिथे शिक्षक त्या उत्तरावर अवलंबून नसतो, कारण कपाळावरच्या आठ्या, मध्येच थांबलेली पेने आणि शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या नजरा यांवरून त्याला हवे ते कळलेले असते. पडद्यावर हे सगळे नाहीसे होते. म्हणून ऑनलाइन तासाच्या रचनेचा खरा प्रश्न रंगीत स्लाइड किंवा चटपटीत खेळांचा नाही. वर्गात आपोआप मिळणारी ही माहिती मिळवण्याची सोय तासाच्या आराखड्यातच कशी करायची, आणि ती देताना प्रत्येक विद्यार्थ्याला विचार करावाच लागेल असे कसे पाहायचे, हा तो प्रश्न आहे.

या शांततेला भाषाशास्त्रीय कारणही आहे. समोरासमोरच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातले अंतर थक्क व्हावे इतके कमी असते. २००९ साली दहा भाषांतील संभाषणांची तुलना झाली, तेव्हा हे अंतर सरासरी सेकंदाच्या एक पंचमांशाच्या आसपास आढळले. इतक्या वेळात ऐकलेले समजून घेऊन उत्तर जुळवणे शक्य नसते. म्हणजे समोरचा कधी थांबणार याचा अंदाज घेत आपण आधीपासूनच तयारी करत असतो. अमेरिकेतील ज्युली बोलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष संभाषणातले हे अंतर सरासरी १३५ मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) होते, तर झूमवर ते ४८७ मिलिसेकंदांपर्यंत वाढले. गंमत अशी, की आवाज पोहोचायला लागणारा तांत्रिक विलंब जेमतेम ३० ते ७० मिलिसेकंदांचाच होता. एवढ्याशा विलंबानेही बोलण्याच्या लयीशी जुळवून घेणारी मेंदूची यंत्रणा विस्कटत असावी, असे स्पष्टीकरण या संशोधकांनी सुचवले आहे. आपल्याकडे नेटची रेंज येत-जात असते तिथे विलंब याहून पुष्कळ जास्त असतो, आणि त्यात बोलण्याआधी म्यूट काढण्याची भर पडते. दोघे एकदम बोलतात, दोघेही एकदम थांबतात, आणि तिसऱ्या वेळी कोणीच तोंड उघडत नाही. याला विद्यार्थ्यांचा निरुत्साह म्हणणे अन्यायाचे आहे. ऑनलाइन तासात तोंडी प्रश्नोत्तरे हे सहभागाचे मुख्य साधन ठेवले, तर तंत्रज्ञानाच्या सर्वांत दुबळ्या भागावर आपण सगळा भार टाकत असतो.

त्यातून शिक्षकाचा उतावीळपणा वेगळा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणसंशोधिकेने १९७०च्या दशकात शाळांमधल्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असे दिसले. हीच वाट पाहण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली, की उत्तरे लांब आणि सकारण होऊ लागली, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली आणि 'माहीत नाही'चे प्रमाण घटले. शिक्षणशास्त्रात इतक्या स्वस्तात इतका लाभ देणारा दुसरा उपाय शोधून सापडणार नाही. ऑनलाइन तासात मात्र तीन सेकंद पुरत नाहीत, कारण तिथे आवाज पोहोचायचा असतो, विचार करायचा असतो आणि मोबाइलवर मराठी टंकायचे असते. अर्धा-पाऊण मिनिट थांबावे लागते, आणि रिकाम्या पडद्यासमोरचे अर्धे मिनिट शिक्षकाला फार लांब वाटते. त्यासाठी आधीच सांगून टाकावे: 'चाळीस सेकंद देतो, तोवर मी बोलणार नाही.' शांततेला नाव मिळाले की ती कोणालाच बोचत नाही.

उत्तरे चॅटमध्ये मागवताना आणखी एक पेच येतो. पहिले उत्तर झळकले की उरलेल्यांपैकी अनेक जण विचार थांबवून त्याचीच री ओढतात. चाळीस उत्तरे आली तरी माहिती एकाच डोक्यातली असते. यावर शिक्षकांत रूढ झालेला उपाय सोपा आहे: सर्वांनी उत्तर टंकून ठेवायचे, पण 'आता' म्हटल्याशिवाय पाठवायचे नाही. मग सगळी उत्तरे एकदम कोसळतात, आणि वर्ग कुठे अडला आहे ते शिक्षकाला एका नजरेत दिसते. पोलचा निकाल मतदान संपेपर्यंत झाकून ठेवण्यामागचे कारणही हेच.

आता लक्ष लागण्याचा मुद्दा. माणसाचे लक्ष दहा-पंधरा मिनिटेच टिकते, हे विधान शिक्षक-प्रशिक्षणांत सर्रास ऐकू येते, परंतु त्याचा पुरावा शोधू गेलेल्यांच्या हाती फारसे काही लागलेले नाही. २०१० साली रसायनशास्त्राच्या वर्गांत झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना लक्ष उडाल्याची नोंद एक बटण दाबून करायला सांगितले होते. लक्ष सुरुवातीपासूनच वरचेवर उडत होते, मात्र बहुतेक वेळा मिनिटभर किंवा त्याहूनही कमी काळ. प्रश्न किंवा प्रात्यक्षिक चालू असताना ते कमी उडत होते, आणि त्यांच्या लगेच नंतरच्या व्याख्यानातही कमीच उडत होते. म्हणजे प्रश्नाचा परिणाम प्रश्नाबरोबर संपत नाही.

पडद्यावरच्या शिक्षणाशी थेट संबंध असलेला प्रयोग हार्वर्ड विद्यापीठात झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संख्याशास्त्राचे २१ मिनिटांचे ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान चार भागांत दाखवले गेले. एका गटाला प्रत्येक भागानंतर त्यावरचे छोटे प्रश्न सोडवायचे होते. दुसऱ्यांना तेवढ्याच वेळात वेगळे काम किंवा त्याच मजकुराची उजळणी होती. प्रश्न सोडवणाऱ्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, त्यांनी टिपणे कितीतरी जास्त काढली, आणि शेवटच्या चाचणीत गुण तर अधिक मिळालेच, वर त्या चाचणीची धास्तीही कमी वाटली. आठवून पाहण्याने स्मृती पक्की होते हे मानसशास्त्राला पूर्वीपासून माहीत होते. इथे त्याने लक्षही जागेवर आणले. लक्ष लागले तर विद्यार्थी उत्तर देतील, अशी आपली समजूत असते. पुरावा मात्र उत्तर द्यावे लागल्याने लक्ष लागते, असे सांगतो, आणि ऑनलाइन तास याच क्रमाने आखायला हवा.

अर्थात कोणताही प्रश्न चालत नाही. 'गुरुत्वत्वरणाचे मूल्य किती?' याला सगळे '९.८' लिहून पाठवतील, त्यातले काही शेजारच्या टॅबमध्ये शोधून, आणि कोणालाच काही कळणार नाही. त्याऐवजी अकरावीच्या वर्गाला असे विचारता येईल: चेंडू सरळ वर फेकला; सर्वोच्च बिंदूपाशी, ज्या क्षणी तो थांबल्यासारखा असतो त्या क्षणी, त्याचे त्वरण किती? पर्याय: एक, शून्य. दोन, खालच्या दिशेने ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. तीन, तेवढेच वरच्या दिशेने. चार, दिशा बदलत असल्याने सांगता येत नाही. बरोबर उत्तर दोन. परंतु पुष्कळ विद्यार्थी पहिला पर्याय निवडतात, कारण वेग शून्य आणि त्वरण शून्य यांत त्यांनी फरक केलेला नसतो. त्वरणही शून्य असते तर वेग शून्याचा शून्यच राहिला असता, आणि चेंडू तिथेच हवेत लटकला असता. चांगल्या प्रश्नाचे लक्षण हेच, की त्याच्या प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे कोणाच्या तरी मनातला खराखुरा विचार असतो.

अशा प्रश्नांवर तास उभारण्याची पद्धत हार्वर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१ पासून विकसित केली. विद्यार्थी आधी एकट्याने विचार करून मत देतात, मग शेजाऱ्यांशी वाद घालतात आणि पुन्हा मत देतात. पहिल्या फेरीत ३० टक्क्यांहून कमी उत्तरे बरोबर आली तर संकल्पना पुन्हा समजावायची, ७० टक्क्यांहून जास्त आली तर थोडक्यात पुढे जायचे, आणि मधल्या पट्ट्यात आली तर चर्चा घडवायची, असा ढोबळ नियम आहे. चर्चेत हुशार विद्यार्थ्याचे उत्तर बाकीचे उचलतात, एवढेच घडते का, अशी शंका घेणे रास्त आहे. ती तपासण्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गाला चर्चेनंतर त्याच संकल्पनेचा वेगळा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला गेला. सुरुवातीला गटातल्या कोणालाच उत्तर माहीत नव्हते अशा गटांमध्येही सुधारणा दिसली. वादातून समज निर्माण होते, ती नुसती इकडून तिकडे जात नाही.

ऑनलाइन तासात या पद्धतीचे मतदान अगदी सहज जमते. अडते ते चर्चेपाशी. ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे छोट्या गटासाठीच्या वेगळ्या ऑनलाइन खोलीत, पाठवलेले सहा जण कॅमेरे बंद करून एकमेकांच्या आद्याक्षरांकडे पाहत बसतात, हे दृश्य शिक्षकांच्या परिचयाचे आहे. इथे आयआयटी मुंबईत झालेले काम उपयोगी पडते. सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणक-प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गात 'आधी एकट्याने, मग जोडीने, मग सर्वांसमोर' ही पद्धत वापरून तिचा अभ्यास केला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. हा वर्ग प्रत्यक्ष सभागृहातला होता, तरी यशाचे मर्म पडद्यालाही लागू पडते: प्रत्येक टप्प्यावर काहीतरी लिहून तयार व्हायला हवे, आणि पुढच्या टप्प्याला त्याची गरज पडायला हवी. 'चर्चा करा' ही सूचना ऑनलाइन निरर्थक ठरते. 'तुमच्या गटातल्या दोन वेगळ्या उत्तरांपैकी चुकीचे कोणते आणि का, हे एका वाक्यात सामाईक तक्त्यातल्या तुमच्या ओळीत लिहा; चार मिनिटे' अशी सूचना दिली, तर गट कामाला लागतो. शिक्षकाला वर्गाची कुजबुज ऐकू येत नाही, पण तक्त्यातल्या ओळी भरताना दिसतात, आणि कोणत्या रूममध्ये डोकवायचे ते कळते. गट तीन-चार जणांचे असावेत आणि सत्रभर तेच ठेवावेत. दर वेळी नव्या अनोळखी चेहऱ्यांपुढे बोलायचे म्हटले, की पहिली दोन मिनिटे संकोचातच जातात.

कॅमेरा सक्तीने चालू ठेवण्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. चेहरा दिसला म्हणजे मन हजर आहे असे होत नाही, आणि न दिसण्यामागची कारणे बहुधा आळसाची नसतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना कॅमेरा बंद ठेवण्याचे कारण विचारले, तेव्हा स्वतःच्या दिसण्याबद्दलचा संकोच सर्वांत पुढे होता. त्याखेरीज पाठीमागे दिसणारे घर, घरातली माणसे आणि दुबळे नेट ही कारणे आली. एका खोलीत पाच माणसे राहतात त्या घरातल्या मुलीला ही कारणे समजावून सांगावी लागत नाहीत. कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅमेरा चालू ठेवल्याने थकवा वाढला, आणि तो स्त्रियांमध्ये व नव्याने रुजू झालेल्यांमध्ये अधिक होता. दर दहा मिनिटांनी प्रत्येकाकडून उत्तर येत असेल तर कॅमेऱ्याची पहारेदारी लागत नाही.

या सगळ्याची किंमत आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चाळीस मिनिटांच्या तासात असे प्रश्न तीनच मावतात, आणि शिक्षकाला बोलायला वीस-पंचवीस मिनिटे उरतात. व्याख्या, सूत्रांची सिद्धता, इतिहास हा भाग वाचनावर किंवा आधी पाठवलेल्या छोट्या चित्रफितीवर सोपवावा लागतो. 'पोर्शन' पूर्ण होण्याची चिंता खोटी नाही. पण विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचे २०१४ मध्ये एकत्र विश्लेषण झाले, तेव्हा नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के आणि सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे विद्यार्थी स्वतः प्रश्न सोडवत आणि चर्चा करत शिकतात अशा, वर्गांत २१.८ टक्के निघाले. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांतील २०१९च्या अभ्यासात सक्रिय पद्धतीने शिकलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्याचा भास होतो, आणि धडपडताना न समजल्याचा. त्यामुळे सत्राअखेरच्या अभिप्रायात विद्यार्थी 'सरांनी शिकवावे, आम्हाला विचारू नये' असे लिहितात आणि शिक्षक बिचारा पुन्हा स्लाइडकडे वळतो. पहिल्याच आठवड्यात हा निष्कर्ष विद्यार्थ्यांना समजावून सांगितला, तर तक्रार पुष्कळ सौम्य होते.

राहता राहिला नेटचा प्रश्न. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७–१८च्या फेरीत भारतातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. त्यानंतर स्मार्टफोन झपाट्याने पसरले, पण ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२१च्या अहवालानुसार ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता अशा ग्रामीण मुलांपैकीही साधारण चौथ्या हिश्श्याच्या हाती तो पडत नव्हता. व्हिडिओला सेकंदाला लाखो बिट लागतात, आवाजाला काही दहा हजार, आणि चॅटमधल्या '२' या आकड्याला जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे प्रश्न स्लाइडवर चित्ररूपात ठेवण्याबरोबर चॅटमध्ये मजकुरानेही द्यावा आणि पर्यायांना आकडे द्यावेत. शिक्षकाचा आवाज तुटत असतानाही विद्यार्थ्याला प्रश्न वाचता येतो आणि उत्तर पाठवता येते. संध्याकाळी वडील कामावरून परतल्यावरच ज्यांच्या हाती फोन येतो, त्यांच्यासाठी तेच तीन प्रश्न वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर उत्तरांविना टाकावेत, उत्तरे मात्र गटावर न मागवता शिक्षकाच्या क्रमांकावर मागवावीत, आणि रात्रीपर्यंत आलेली ही मते दुसऱ्या दिवशीचा तास सुरू करताना वर्गातल्या मतांत मिळवून दाखवावीत.