हवा कमी ठेवली की टायर फुटत नाही?

‘उन्हाळ्यात लांब निघताना टायरमध्ये हवा चार-पाच पॉइंट (दाबाचं माप, पीएसआय) कमी भरा, नाहीतर तापून फुटेल.’ जुनी जिप्सी घेऊन राजस्थानला निघालेल्यांना हा सल्ला हमखास मिळतो.

तापल्यावर दाब वाढतो, इथपर्यंत बरोबर. पण दहा अंश सेल्सियसला साधारण दीड-दोन पॉइंटच वाढतो. शिवाय कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, ही वाढ त्यात धरलेलीच असते. टायरला खरं तापवतं ते त्याच्या बाजूच्या भिंतीचं सतत वाकणं. हवा कमी, टपावर डिझेल-पाण्याचे कॅन आणि वेग ऐंशीचा असला, की भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते, आतून तापते आणि थर सुटू लागतात.

पडताळायचं तर सकाळी गाडी हलवण्याआधी हवा मोजा, तासभर चालवून पुन्हा मोजा. चार-पाच पॉइंट वाढले तर ठीक. बरेच जास्त वाढले, तर हवा कमी होती किंवा सामान जास्त. (गरम टायरची हवा मात्र सोडू नका.)

वाळूत हवा उतरवतात ते खरं, पण रांगत्या वेगासाठी. डांबरावर येताच परत भरायची.

जुन्या गाडीत माझा संशय आधी टायरच्या वयावर जातो. नक्षी शाबूत दिसते, रबर कडक झालेलं असतं. बाजूवरचे चार अंक बघा: २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा.