टेक्सास रिग की कॅरोलायना रिग: फरक फक्त वजनाच्या जागेचा

बास माशासाठी मऊ प्लास्टिकचं गांडूळ वापरायला सुरुवात केली की टेक्सास रिग आणि कॅरोलायना रिग यांचा गोंधळ होतोच. रिग म्हणजे गळ, वजन आणि आमिष दोऱ्यावर बांधायची पद्धत. दोन्ही शेजारी ठेवून नुसतं गांडुळाकडे पाहिलं तर फरक दिसत नाही, कारण तिथे तो नाहीच. गळ दोन्हींत एकाच पद्धतीने ओवतात. वजन कुठे बसवलंय तेवढंच वेगळं. पण त्या एका गोष्टीमुळे आमिष तळाशी कसं जातं, मासा लागल्याचं हाताला कसं कळतं आणि गळ रुतवायला झटका कसा द्यायचा, हे सगळं बदलतं.

आधी दोन्हींत सारखं काय, ते पक्कं करू. नेढ्याजवळ दोनदा वाकवलेला ऑफसेट गळ घ्यायचा. सात इंची गांडुळाला ३/० किंवा ४/० आकाराचा पुरतो. टोक गांडुळाच्या डोक्यात अगदी मधोमध अर्धा सेंटीमीटर घालून बाजूने बाहेर काढायचं. मग गांडूळ नेढ्यापर्यंत सरकवायचं, गळ अर्धा फिरवायचा आणि टोक पुन्हा अंगात खुपसायचं. नेमकं कुठे? गळ गांडुळाच्या बाजूने सरळ लोंबता धरा; त्याचा वाक जिथे येतो, तिथे. थोडं मागेपुढे झालं तर गांडूळ एकतर गोळा होतं किंवा ताणलं जातं, मग पाण्यात गरगर फिरतं आणि दोऱ्याला पीळ पडतो. या एका पायरीवर घाई करू नका. वाकडं ओवलेलं गांडूळ काढून पुन्हा ओवायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो अर्धा मिनिट वसूल होतो.

ओहायोतल्या अॅक्रनमध्ये निक क्रीम यांनी १९४९ मध्ये साच्यात ओतलेलं मऊ गांडूळ बनवलं. पण उघड्या टोकाच्या गळावर असं आमिष पाणगवतातून नेणं कठीणच. टोक अंगात लपवलं की ते झुडपातून, फांद्यांतून न अडकता सरकतं.

आता वजन. टेक्सास रिगमध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन मुख्य दोऱ्यावर ओवतात, निमुळतं तोंड रॉडकडे, आणि लगेच त्याखाली गळ बांधतात. सुरुवातीला ५ ते ७ ग्रॅम ठीक. वजन आणि गांडूळ जवळजवळ एकच वस्तू होतात, म्हणून आमिष डोकं खाली करून सरळ, नेमक्या जागी उतरतं. बास बहुतेकदा ते उतरत असतानाच तोंडात घेतो. त्यामुळे टेक्सास रिग टाकली की नजर दोऱ्यावर हवी. दोरा एकदम बाजूला सरकला, किंवा तळ यायच्या आधीच थांबला, तर तो मासाच समजा.

वजन मोकळं ठेवायचं की खुंटी मारून गळाशी घट्ट बसवायचं, यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं: दाट गवत असेल तर घट्ट, नाहीतर मोकळं. गवतात मोकळं वजन पुढे निघून जातं आणि गांडूळ वरच काडीला लटकून राहतं. मोकळ्या पाण्यात मात्र वजन आधी टेकतं आणि गांडूळ मागून सावकाश येतं, ते माशाला जास्त खरं वाटतं.

कॅरोलायना रिगमध्ये हेच मागून सावकाश येणं मुद्दाम वाढवलेलं असतं. मुख्य दोऱ्यावर १४ ते २८ ग्रॅमचं वजन, मग काचेचा मणी, मग स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी कडी. स्विव्हलला ४५ ते ९० सेंटीमीटरचा लीडर, म्हणजे दोऱ्याचा वेगळा तुकडा, आणि त्याच्या टोकाला गळ. जड वजन तळावर घासत पुढे जातं, गांडूळ मागे मोकळं तरंगत, भरकटत येतं. म्हणून इथे भरपूर मीठ घातलेलं गांडूळ नको, ते बुडून तळाला चिकटतं. हलकं, तरंगणाऱ्या प्लास्टिकचं घ्या. लीडरचा दोरा मुख्य दोऱ्यापेक्षा थोडा कमी ताकदीचा ठेवला की गळ अडकल्यावर तेवढाच तुटतो, बाकी सगळं परत येतं. मणी वजनाच्या आघातापासून गाठ वाचवतो आणि वजनावर आपटून टकटक आवाजही करतो. पितळ किंवा टंगस्टन असेल तर तो आवाज खणखणीत येतो, मऊ शिशाचा बोदा.

शिशाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. शिशाची छोटी वजनं गिळून लून पक्षी विषबाधेने मरतात, आणि त्यामुळे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यात एक औंस किंवा त्याहून हलकी शिशाची वजनं वापरायला बंदी आहे. टंगस्टन महाग असतं, पण घनता शिशाच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे तेवढ्याच भाराचं वजन लहान बसतं. तळही हाताला जास्त स्पष्ट कळतो.

कॅरोलायना रिगची खरी ताकद इथेच आहे. रॉड वर न उचलता बाजूला ओढायचा, म्हणजे वजन तळ सोडत नाही. आंधळ्याची काठी जशी रस्ता सांगते, तसं ते वजन तळ सांगत जातं: खडी असली की टिकटिक, चिखल असला की जड, मुकी ओढ. चिखल संपून खडी सुरू होते तिथे बास थांबलेला असण्याची शक्यता मोठी. अंडी घालून झाल्यावर किनाऱ्यापासून दूर गेलेले मासे शोधायला, पाण्याखालचे उंचवटे आणि रुंद उतार चाळायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

झटक्यात नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत होते. टेक्सास रिगमध्ये टकटक जाणवली की रॉड खाली करा, ढील गोळा करा आणि जोरात वर ओढा, कारण टोकाला आधी प्लास्टिक भेदायचं असतं. कॅरोलायना रिगमध्ये असा झटका वाया जातो. दोरा वजनापाशी कोन करून वळलेला असतो, झटक्याने आधी वजनच हलतं. तिथे मासा टकटक करत नाही, नुसतं रबरासारखं जड लागतं. मग रीलने दोरा ताणून घ्यायचा आणि रॉड बाजूला लांबवर झाडल्यासारखा न्यायचा. रॉड सात फूट किंवा त्याहून लांब असावा तो यासाठी.

पाणी गढूळ असेल तर लीडर ४५ सेंटीमीटरच्या आसपास ठेवा, नितळ असेल तर ९० पर्यंत वाढवा. मासे नुसते चाखून सोडत असतील तर लीडर आखूड करून बघा. आणि ओढताना वजन बुडालेल्या फांद्यांत शिरलं तर कॅरोलायना तिथे पुन्हापुन्हा टाकू नका. लीडर फांदीला गुंडाळला जाणारच. जागा लक्षात ठेवा, दुसऱ्या रॉडवर टेक्सास रिग बांधून ठेवलेली असू द्या आणि ती त्या फांद्यांच्या मधोमध सरळ खाली सोडा.