गोवा विधानसभा निवडणूक आणि आमदारांचे बालेकिल्ले

गोव्यात विधानसभेच्या काही जागा वर्षानुवर्षे एकाच आमदाराकडे किंवा एकाच घराण्यात राहतात. 1987 मध्ये घटक राज्य झाल्यावर सभागृह 40 जागांचे झाले. 2022 च्या निवडणुकीत राज्यभरात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते, म्हणजे एका मतदारसंघात जेमतेम 29 हजार. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो. गोव्यातले बालेकिल्ले उभे राहतात ते या लहान आकारामुळे, आणि ढासळतातही त्याच कारणाने.

एवढ्या मतदारसंघात आमदाराला वाडा न् वाडा तोंडपाठ असतो. पंच आणि सरपंच आपल्या गटाचे ठेवणे, टँकर, रस्ता, सरकारी नोकरीची शिफारस, जत्रेला आणि मयताला हजेरी यावर पाच वर्षे जातात. निकालानंतर केंद्रनिहाय मतांचा तक्ता जाहीर होतो. एका केंद्रावर साधारण सहाशे-सातशे मतदार असल्यामुळे कोणता वाडा फिरला ते त्यातून लगेच कळते. खर्चाची कायदेशीर मर्यादा उमेदवारामागे 28 लाख रुपये आहे.

मत पक्षाला कमी, माणसाला जास्त पडते. विश्वजित राणे मार्च 2017 मध्ये वाळपईत काँग्रेसतर्फे निवडून आले, महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला आणि ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत भाजपतर्फे तीच जागा दहा हजारांहून अधिक मतांनी राखली. त्यांचे वडील प्रतापसिंह राणे 1972 पासून आधी सत्तरीतून, नंतर पर्येतून निवडून येत राहिले. 2022 मध्ये त्यांनी माघार घेतली आणि सून दिव्या राणे भाजपतर्फे 13,943 मतांनी जिंकल्या. त्या वर्षी राणे, मोन्सेरात आणि लोबो अशी तीन दांपत्ये सभागृहात पोचली.

पक्षांतराची किंमत मात्र दर वेळी माफ होत नाही. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. दोन तृतीयांश संख्या भरत असल्याने पक्षांतरबंदी कायद्यानुसार ते विलीनीकरण ठरले आणि आमदारकी टिकली. त्यांतले चंद्रकांत कवळेकर 2002 पासून केपे राखून होते, उपमुख्यमंत्री झाले, आणि 2022 मध्ये तिथेच हरले. त्याआधी 2017 मध्ये मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर मांद्रेत पडले होते. पद मोठे झाले की वाड्यावरची हजेरी घटते, आणि इथला मतदार ती मोजतो.

दुसरा धोका मतविभाजनाचा. 79 टक्के मतदान धरले तरी बावीस-तेवीस हजार मते पाच-सहा जणांत वाटली जातात. फोंड्यात 2022 मध्ये रवी नाईक यांना 7,514, मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) केतन भाटीकरांना 7,437 आणि तिसऱ्या क्रमांकाच्या काँग्रेस उमेदवाराला 6,839 मते होती: 77 मतांची आमदारकी. सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचे विरेश बोरकर 76 मतांनी आले, साखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत 666 मतांनी वाचले. इतक्या कमी फरकात टपाली मतेसुद्धा निर्णायक ठरू शकतात. फेरमोजणीचा लेखी अर्ज निकाल घोषित होण्यापूर्वीच द्यावा लागतो. एकदा घोषणा झाली की उरतो तो 45 दिवसांत उच्च न्यायालयात करायचा निवडणूक अर्ज.