आचार्य प्रफुल्लचंद्र राय

प्रफुल्लचंद्र राय (2 ऑगस्ट 1861 – 16 जून 1944) म्हणजे बंगालमधले मोठे रसायनशास्त्रज्ञ आणि बेंगॉल केमिकल या कंपनीचे संस्थापक, ज्यांनी कमावलेलं जवळजवळ सगळं वाटून टाकलं. बंगालमध्ये त्यांना नुसतं आचार्य म्हणतात. त्यांच्यावर लिहिताना आधी शास्त्रज्ञ, मग कारखानदार आणि म्हातारपणी दानशूर असे तीन टप्पे पाडायची पद्धत आहे, पण ते तसं नव्हतं, पगार हातात येऊ लागला तेव्हापासूनच ते देत होते आणि कारखानाही त्याच ओढीतून निघाला.

जन्म तेव्हाच्या जेसोर जिल्ह्यातल्या राडुली गावचा, आता तो भाग बांगलादेशात खुलना जिल्ह्यात येतो. घर जमीनदाराचं, वडील हरिश्चंद्र शिकलेले, घरात मोठी लायब्ररी, पण पुढे कर्जापायी इस्टेट हळूहळू गेली. प्रफुल्लचंद्र कलकत्त्याच्या हेअर स्कूलमध्ये असताना जबरदस्त आमांश झाला, शाळा सुटली आणि पोट कायमचं बिघडलं, म्हणून आयुष्यभर जेवण मोजकं आणि रोज फिरणं ठरलेलं. 1882 मध्ये गिलख्रिस्ट स्कॉलरशिप मिळाली आणि ते एडिंबरोला गेले, तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्रम ब्राऊन यांच्याकडे शिकले, 1887 मध्ये डी.एससी. म्हणजे विज्ञानातले डॉक्टरेट झाले. शिकता शिकताच 1857 च्या आधीचा आणि नंतरचा भारत या विषयावर त्यांनी इंग्रज राजवटीवर चांगला कडक निबंधही लिहिला.

परत आल्यावर मात्र वर्षभर नोकरीच नाही. शिक्षणखात्यातल्या वरच्या जागा इंग्रजांसाठी राखल्यासारख्या होत्या, भारतीय माणूस विलायतेची डी.एससी. घेऊन आला तरी त्याला खालच्या ग्रेडमध्येच टाकायचे. त्या काळात जगदीशचंद्र बोस यांच्या घरी ते राहिले. शेवटी 1889 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात महिना 250 रुपयांवर लागले. इथेच 1895-96 च्या सुमारास त्यांना पाऱ्यावर सौम्य नायट्रिक ॲसिडची क्रिया करताना पिवळे स्फटिक मिळाले, ते मर्क्युरस नायट्राइट, म्हणजे पाऱ्याचं एक संयुग. हे संयुग टिकणार नाही असंच तोपर्यंत समजत होते, म्हणून त्याची नोंद बाहेरच्या देशातही घेतली गेली, आणि मग नायट्राइटं हाच त्यांच्या लॅबचा पुढच्या कित्येक वर्षांचा विषय झाला.

आता कारखान्याची गोष्ट, आणि ही सविस्तर सांगायलाच हवी. औषधं सगळी विलायतेहून यायची आणि इथली पदवीधर पोरं कारकुनीच्या नोकरीमागे धावत होती, हे त्यांना फार लागायचं. 1892 मध्ये 91, अप्पर सर्क्युलर रोड इथल्या भाड्याच्या घरात, खिशातले जेमतेम 700 रुपये घालून त्यांनी औषधं बनवायला सुरुवात केली. दिवसा कॉलेज आणि उरलेल्या वेळात बाटल्या, भट्ट्या, हिशोब. फॉस्फेटसाठी खाटकांकडून जनावरांची हाडं आणून गच्चीवर वाळत घातली, अवेळी पाऊस आला, हाडं कुजली, किडे पडले, कावळे जमले, आणि शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावर सगळा ढीग तिथून हलवावा लागला. माल तयार झाला तरी दुकानदार घेईनात, देशी औषध कोण विकत घेणार असं त्यांचं म्हणणं. मग त्यांचे डॉक्टर मित्र अमूल्यचरण बोस पुढे आले, त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांना गळ घालून ही औषधं लिहून द्यायला लावली. विलायती औषधांबरोबरच अडुळसा, कुडा, ओवा अशी आपली औषधंही नीट अर्क काढून, मापात, बाटलीबंद करून विकायची, ही कल्पना त्या काळात खरंच धाडसाची होती. पण पुढे अमूल्यचरण 1898 मध्ये प्लेगने गेले, आणि सतीश सिन्हा नावाचा रसायनशास्त्र शिकलेला तरुण सहकारी प्रुसिक ॲसिड (हायड्रोजन सायनाइड) या विषाने लॅबमध्येच गेला. सगळा भार एकट्यावर आला तरी प्रफुल्लचंद्रांनी धंदा सोडला नाही. 1901 मध्ये बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स ही लिमिटेड कंपनी झाली, 1905 मध्ये कलकत्त्यातच माणिकतल्याला मोठा कारखाना, नंतर पाणिहाटीला दुसरा. स्वतःची सल्फ्युरिक ॲसिड बनवण्याची सोय, कामाला शिकलेली बंगाली पोरं. मॅनेजर म्हणून राजशेखर बसू आले, ते पुढे बंगालीतले मोठे विनोदी लेखक झाले.

त्यांच्या देण्याबद्दलची सगळ्यात चांगली साक्ष आपल्या गोखल्यांची आहे. गोपाळ कृष्ण गोखले व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलच्या कामासाठी कलकत्त्यात राहायचे आणि राय जवळजवळ शेजारीच, येणंजाणं रोजचं. 1902 च्या सुरुवातीला गांधीजी गोखल्यांकडे उतरले होते, तेव्हा ओळख करून देताना गोखल्यांनी सांगितलं की यांना पगार 800 रुपये आहे, त्यातले फक्त 40 स्वतःला ठेवतात आणि बाकी लोकांच्या कामाला देतात, लग्न केलेलं नाही आणि करायचंही नाही. गांधीजींनी हे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. कंपनी तेव्हा नुकती कुठे लिमिटेड झाली होती, पैशाचा सुकाळ अजिबात नव्हता, हे लक्षात घ्या.

1916 मध्ये ते प्रेसिडेन्सीतून निवृत्त होऊन कलकत्ता युनिव्हर्सिटीच्या आशुतोष मुखर्जींनी काढलेल्या नव्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ सायन्समध्ये पालित प्रोफेसर (देणगीदार तारकनाथ पालितांच्या नावाची जागा) झाले. 1921 मध्ये साठी झाली तेव्हापासून त्यांनी पगार घ्यायचं बंद केलं, तो सगळा युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटलाच दिला, आणि काम मात्र 1936 पर्यंत चालू ठेवलं. जुन्या काळचा भारतीय रसायनज्ञ नागार्जुन याच्या नावाने रसायनशास्त्रासाठी पारितोषिक ठेवलं, जीवशास्त्रासाठी आशुतोष मुखर्जींच्या नावाने दुसरं. नागार्जुनाचं नाव सुचायला कारण होतं, रसायनविद्येवरचे जुने संस्कृत ग्रंथ चाळून त्यांनी हिंदू रसायनशास्त्राचा दोन खंडी इतिहास इंग्रजीत लिहिला होता, पहिला खंड 1902 चा. राहायचे कॉलेजातल्याच एका खोलीत, गरीब विद्यार्थी त्यांच्यासोबत.

पण नुसते पैसे देऊन ते मोकळे होत नसत. 1921 मध्ये खुलन्यात दुष्काळ पडला आणि 1922 मध्ये उत्तर बंगालमध्ये महापूर आला, तेव्हा सरकारच्या ढिम्म कारभाराला कंटाळून लोकांनी जी मदत उभी केली तिचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. सायन्स कॉलेजातच धान्य, कपडे, देणग्या जमायला लागल्या, तरुण पोरं पूरग्रस्त भागात गेली, त्यात सुभाषचंद्र बोसही होते. पुढे खादीच्या कामातही ते पडले. सायन्स थांबू शकतं, स्वराज्य थांबू शकत नाही, हे त्यांचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य याच काळातलं. माझ्या मते कारखाना, लॅब आणि पूरमदत तिन्हीकडे त्यांनी एकच गोष्ट केली, माणसं कामाला लावली. सत्येंद्रनाथ बोस, मेघनाद साहा, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर हे पुढे नावाजलेले शास्त्रज्ञ सगळे त्यांच्याकडे शिकलेले, आणि 1924 मध्ये इंडियन केमिकल सोसायटी निघाली तिचे पहिले अध्यक्षही तेच.

कंपनीचं पुढे तितकं बरं झालं नाही. मुंबईत प्रभादेवीलाही बेंगॉल केमिकलचा कारखाना निघाला, ते नाव तिथल्या पत्त्यांमध्ये अजून सापडतं. पण स्वातंत्र्यानंतर कंपनी तोट्यात रुतत गेली, 1977 मध्ये केंद्र सरकारने कारभार हातात घेतला आणि 1980 मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. कितीतरी दशकांनी 2016-17 मध्ये नफा दिसला, आणि नेमकं 2016 मध्येच सरकारने ती विकायचं ठरवलं, त्याविरुद्ध कामगार कोर्टात गेले. फिनाईल, नॅप्थलीनच्या गोळ्या आणि ओव्याचा अर्क ही तिची घराघरात माहीत असलेली उत्पादनं, त्यातला ओव्याचा अर्क तर खुद्द आचार्यांच्या वेळचा.